अर्ध्या वाटेवरचा बाक

मी बाक बसवायचं ठरवलं तेव्हा माझ्या डोक्यात फक्त बाक होता. चार पाय, बसायला तीन फळ्या, टेकायला दोन. शनिवारी सकाळी लाकूड कापायचं, दुपारी वर न्यायचं, ठोकायचं, आणि पाच वाजता घरी येऊन उकडलेला कॉड मासा आणि बटाटे खायचे, असा माझा बेत होता. तो एप्रिल महिना होता. बाक बसला तो पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये. मधल्या काळात मासे आणि बटाटे आम्ही खाल्ले, पण माझं त्यात लक्ष नव्हतं.

सुरुवात झाली तोरुनच्या एका वाक्यावरून. तोरुन माझी बायको. त्या हिवाळ्यात तिच्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले, चाला. ती चालायला लागली. घरापासून टपालपेटीपर्यंत, टपालपेटीपासून बोटींच्या धक्क्यापर्यंत, आणि परत. घरामागच्या काल्वेनकडे मात्र ती पाहायचंही टाळायची. काल्वेन म्हणजे वासरू. समुद्रातून पाहिलं तर टेकडी बसलेल्या वासरासारखी दिसते म्हणतात. शेजारचा ओडवार चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर होता, त्याला ते वासरू अजून दिसलेलं नाही. उंची दोनशे चौदा मीटर. समोरच्या किनाऱ्यावर हजार हजार मीटरचे कडे सरळ पाण्यातून वर आलेत, त्यामुळे आमच्या काल्वेनला डोंगर म्हणण्याची हिंमत आम्ही परगावात करत नाही. पण लग्नानंतर चव्वेचाळीस वर्षं, पाऊस असो, गारा असोत, दर रविवारी आम्ही दोघं तिच्या माथ्यावर गेलो होतो. मुलीचं नाव वरच ठरलं. घराचा रंगही वरच ठरला, आणि तो चुकला हेही वरूनच दिसलं.

त्या रविवारी मी बूट घालून दारात उभा राहिलो. तोरुन खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "मध्ये कुठं टेकायला असतं तर एकवेळ बघितलं असतं."

एखाद्यानं यावर "हो ना" म्हणून सुस्कारा सोडला असता. पण मी एकतीस वर्षं नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात काढलेली आहेत. माझ्यासारख्या माणसाला वाक्य ऐकू येत नाही, मागणी ऐकू येते. मी तसाच बुटांसकट शेडमध्ये गेलो आणि टेप शोधायला लागलो.

करवतीचा आवाज पहिल्यांदा झाला आणि ओडवार कुंपणापाशी हजर. त्यानं जन्मात कधी बाक केलेला नाही, पण त्यामुळे त्याचं मत निर्मळ राहिलेलं आहे.

"काय चाललंय?"

"बाक."

"कशाचा?"

"पाइनचा."

ओडवार गप्प झाला. आमच्याकडे कुणी इतका वेळ गप्प राहिलं की समजायचं, शिवी गिळतोय.

"पाइन," तो शेवटी म्हणाला. "चार वर्षांत कुजेल. लार्च घे. आणि तोंड कुठं करणार त्याचं?"

"समुद्राकडे. मग काय गोठ्याकडे करू?"

"म्हणजे नैऋत्येचा वारा थेट तोंडावर. खुबा बरा व्हायला निघालेल्या बाईचे कान घालवशील तू. आणि गुनवोरला विचारलंस का? जमीन तिची आहे."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या देशात कुणीही कुणाच्याही टेकडीवर चढू शकतो. कायदाच आहे. चाला, रानातल्या बेरी तोडा, झऱ्याचं पाणी प्या, तंबू ठोकून झोपा, मालक तुम्हाला चकार शब्द बोलू शकत नाही. खडकावर हवं तितका वेळ बसा. पण बसण्यासाठी एखादी वस्तू आणून ठेवायची म्हटलं, की कायद्याचा चेहरा बदलतो.

मी गुनवोरकडे गेलो. तिच्या अठ्ठ्याहत्तर मेंढ्या आहेत आणि बोलण्याचं काम तिनं बहुतेक त्यांच्यावरच सोपवलंय. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "ठेव."

मी आनंदानं निघालो. फाटकापाशी पोचलो तोवर मागून आवाज आला, "मेंढ्या अंग घासतील."

"किती घासतील?"

"मेंढ्या आहेत. मोजून घासत नाहीत. आणि नगरपालिकेला विचार. मागं मी हे फाटक बसवलं तर मला पत्र आलं होतं."

ते पत्र कुणी पाठवलं होतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. खाली सही माझी होती. तेव्हा फाटक पाण्याच्या पाइपावर आलं होतं, त्याला माझा इलाज नव्हता. पण गुनवोर ते विसरलेली नाही, आणि मी विसरलेलो नाही हेही ती विसरलेली नाही.

नगरपालिकेत जायला मला संकोच वाटायचं कारण नव्हतं. तिथल्या कॉफीच्या यंत्राला कुठल्या बाजूनं थाप मारायची हे मला माहीत आहे. मी रुबाबात गेलो, फॉर्म भरला आणि खिडकीत दिला. बांधकामाचा प्रकार: बाक. बांधकामाचा उद्देश: बसणे. खिडकीत सिन्ने नावाची मुलगी होती, वय पंचवीसच्या आत.

"आर्नफिन," ती म्हणाली, "तू जुना फॉर्म भरलायस."

आमच्याकडे पंतप्रधानांनाही लोक नावानं आणि एकेरीतच बोलवतात, तेव्हा मला राग यायचं काही कारण नाही. आला तो दुसऱ्या गोष्टीचा.

"हा फॉर्म मी तयार केलाय," मी म्हणालो. "सव्वीस वर्षांपूर्वी. याच खोलीत."

"हो, खाली नाव आहे तुझं," ती गोड हसून म्हणाली. "म्हणूनच बदलला. म्हणजे, तुझ्या नावामुळे नाही, जुना झाला म्हणून."

नवा फॉर्म नऊ पानांचा होता. तो भरून दिल्यावर तीन आठवड्यांनी सिन्नेचा फोन आला. बाकाची जागा समुद्रापासून शहाण्णव मीटरवर येत होती आणि किनाऱ्यापासून शंभर मीटरच्या आत बांधकामाला बंदी आहे.

"अगं, ती जागा समुद्रापासून एकशेदहा मीटर उंचीवर आहे! तिथून समुद्रात दगड टाकला तर पोचेपर्यंत माणूस दुसरं काम करून येईल."

"नकाशात उंची धरत नाहीत, आर्नफिन. नकाशा सपाट असतो."

"मग चार मीटर मागं सरकवतो."

"मागं दलदल आहे. तिथं दुर्मिळ शेवाळ आहे. तुला अपवाद मागावा लागेल. आणि त्याआधी शेजाऱ्यांना लेखी सूचना."

शेजारी म्हणजे ओडवार. ज्या माणसाशी मी रोज सकाळी कुंपणावरून बोलतो, त्याला मी रजिस्टर टपालानं कळवलं की मी बाक बसवू इच्छितो, आणि त्याचं काही म्हणणं असल्यास त्यानं ते दोन आठवड्यांत लेखी मांडावं. ही निव्वळ औपचारिकता होती. असल्या पत्राला कुणी उत्तर देत नाही. एकतीस वर्षांत मी अशी शेकड्यांनी पाठवली असतील.

ओडवारनं चार पानं लिहिली.

पान एक आणि दोन: पाइन. पान तीन: नैऋत्येचा वारा, सोबत बाणांसह आकृती. पान चार: मी पूर्वी बांधलेल्या शेडचं दार अजून नीट लागत नाही, याची नोंद घेण्यात यावी.

"शेजाऱ्याचा आक्षेप आलाय," सिन्ने फोनवर म्हणाली. "आता हे प्रकरण समितीपुढं जाणार."

मी तडक कुंपणापाशी गेलो. "ओडवार, तू आक्षेप घेतलास?"

"आक्षेप? छे. तू म्हणणं मांड म्हणालास. मी मांडलं."

"पण नगरपालिकेला कशाला?"

"पत्त्यात त्यांचं नाव होतं. चार संध्याकाळी घालवल्या मी त्यात. आकृती आवडली का?"

"आणि शेडच्या दाराचा काय संबंध?"

"लागत नाही ते," ओडवार म्हणाला.

मी घरात आलो आणि दार आपटलं. घराचं दार, शेडचं नव्हे. ते खरंच लागत नाही. पुढचे पाच आठवडे मी आणि ओडवार बोललो नाही. आम्ही मुळातच कमी बोलणारी माणसं, त्यामुळे बाहेरच्या कुणाला फरक कळला नसता. पण सकाळी मी कुंपणापाशी जायचो तेव्हा तो नेमका बोटीकडे निघालेला असायचा, आणि तो कुंपणापाशी दिसला की मला घरात काम निघायचं. एका बाकापायी तीस वर्षांची सकाळची कॉफी गेली. तोरुन मात्र रोज धक्क्यापर्यंत जाताना त्याच्याशी बोलायची.

"काय म्हणतो?" मी एकदा पेपराआडून विचारलं.

"तू काय म्हणतोस ते विचारतो," ती म्हणाली. "दोघं मिळून मला एक खलिता आणि घोडा द्या आता."

ऑक्टोबरमध्ये शेडच्या दारात लार्चच्या आठ फळ्या उभ्या करून ठेवलेल्या दिसल्या. उत्तम वाळवलेल्या, रंधा मारलेल्या. वर एक चिठ्ठी: 'म्हणणं मागे घेतलंय. लार्च मागे घेत नाही.' मी फळ्या आत घेतल्या. मग किटली घेऊन कुंपणापाशी गेलो आणि दोन कप भरले. वाऱ्याचा विषय दोघांनीही काढला नाही. दार दुरुस्त करताना त्यानं स्क्रू धरले.

समितीचं मात्र थांबेना. एकदा पुढं सरकलेला कागद मागे येत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. हिवाळा गेला. मे महिन्यात समितीची सहा माणसं जागा पाहायला आली. पावसाची भुरभुर चालू होती आणि अध्यक्षांनी ऑफिसचे बूट घातले होते. मी पुढं, सिन्ने नकाशा घेऊन मागं. जागेवर पोचल्यावर अध्यक्ष म्हणाले, "बाक चार मीटर मागं घेतला तर नियमातच बसेल की! अपवाद हवाच कशाला?" असं म्हणून ते चार मीटर मागं गेले. तिसऱ्या मीटरला त्यांचा डावा पाय गुडघ्यापर्यंत दुर्मिळ शेवाळात गेला. आम्ही चौघांनी त्यांना बाहेर ओढलं. बूट आतच राहिला. अपवाद जागच्या जागी मंजूर झाला.

जूनमधल्या एका शनिवारी बाक वर गेला. गावकऱ्यांच्या श्रमदानात अकरा जण आले. चौघांनी फळ्या उचलल्या, सात जणांनी वाट दाखवली, जी वाट सगळ्यांना लहानपणापासून माहीत आहे. गुनवोरनं वाफल्स आणि जॅम आणला. ठोकाठोकीच्या वेळी मी जरा वाफल खायला म्हणून वळलो, तेवढ्यात ओडवारनं बाकाचं तोंड डोंगराकडे करून दोन पाय रोवूनही टाकले. समोर दीड हातावर काळा खडक.

"वारा अजिबात लागत नाही," तो बसून दाखवत म्हणाला.

"दिसतही काही नाही!"

"डोळे मिटून बस. आराम महत्त्वाचा."

शेवटी अकरा जणांचं मत घेतलं. समुद्राला सहा मतं पडली, खडकाला पाच. ती पाच कुणाची हे मी अजून शोधतोय. बाक उपटून फिरवला, पुन्हा रोवला, आणि मी धावत खाली येऊन तोरुनला म्हणालो, "चल!"

"आज?" ती म्हणाली. "अकरा माणसं बघत उभी असताना? नंतर बघू."

तोवर नगरपालिकेनं आपलं काम केलं होतं. वाटेवर बाक आला म्हणजे ती नुसती वाट राहत नाही, सोयीसह पदभ्रमणमार्ग होतो. त्याला रंगाचा दर्जा द्यावा लागतो: सोप्याला हिरवा, मग निळा, तांबडा, काळा. काल्वेनला हिरवा मिळाला. नगरपालिकेच्या पानावर छापून आलं: 'सहज सोपी वाट. लहान मुलं आणि वृद्धांना योग्य.' मी चव्वेचाळीस वर्षं ज्या टेकडीवर घाम गाळला ती सहज सोपी! मी सिन्नेला फोन केला आणि निदान निळा तरी द्या म्हणालो. ती म्हणाली, दर्जा चढाच्या अंशांवर ठरतो, चढणाऱ्याच्या भावनांवर नाही. त्याच पानावर खाली आणखी एक ओळ होती: 'अर्ध्या वाटेवर किनारपट्टीतल्या सर्वांत देखण्या जागेवरचा बाक.' ती ओळ वाचून मी फोन ठेवला आणि ते पान तोरुनला दोनदा वाचून दाखवलं. तेव्हा मला त्या ओळीचा धोका कळला नव्हता.

जुलैत माणसं यायला लागली. आधी शेजारच्या फ्योर्डमधून, म्हणजे पलीकडच्या खाडीकाठावरून, मग शहरातून, मग जर्मनीहून, घरासारख्या लांबरुंद गाड्या घेऊन. गाड्या आमच्या अंगणात उभ्या राहिल्या, कारण पार्किंगचा अर्ज कुणी केलेला नव्हता. लोक दार वाजवून संडास विचारायचे. एका सज्जन डच गृहस्थानं मला माझ्याच अंगणात विचारलं की मी वाटेत का उभा आहे. ओडवारनं या काळात एकदाही 'तरी मी सांगत होतो' असं म्हटलं नाही. तो फक्त कुंपणापाशी खुर्ची टाकून बसायचा.

आणि बाक? तो कायम भरलेला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत दुर्बीण ठेवली. बाक रिकामा दिसला की ओरडायचो, "तोरुन, आत्ता!" ती बुटांच्या नाड्या बांधेपर्यंत तिथं कुणीतरी डबा उघडून तपकिरी चीजचा पाव खायला लागलेलं असायचं. माणसं नसली तर मेंढ्या. एक तर चक्क वर चढून उभी राहायची, समुद्राकडे तोंड करून, म्हणजे सातवं मत आमचंच होतं. शेवटी मी एक छोटी पाटी केली, 'जागा राखीव', आणि नेऊन लावली. दोन दिवसांत फोन.

"आर्नफिन," सिन्ने म्हणाली, "पाटीला वेगळा अर्ज लागतो."

मी पाटी काढून आणली आणि दुर्बीण कपाटात ठेवली. पंधरा महिने मी ज्या एका बाईसाठी भांडलो, ती सोडून अर्धा युरोप त्या बाकावर बसून गेला होता. तोरुननं कधी काही म्हटलं नाही, पण तिनं आता वर जायचं नाव काढणंच सोडलं होतं, आणि मलाही ते काढायची लाज वाटू लागली होती. ती आपली सकाळ-संध्याकाळ धक्क्यापर्यंत जायची आणि यायची. तिथून पुढं दीपस्तंभापर्यंतही जायला लागली होती म्हणे. मला पत्रव्यवहारातून डोकं वर काढायला वेळ नव्हता.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ऊन पडलं होतं. मी टेबलाशी बसून पार्किंगबद्दल तिसरं पत्र लिहीत होतो. तोरुन तांबडं जाकीट घालून, पाठपिशवी भरून समोर उभी राहिली.

"चल."

"कुठं?"

"वर."

"अगं बाक भरलाय. सकाळपासून पाच जण बसलेत."

"बसू देत."

निघालो. तिच्या हातात दोन काठ्या, पाठपिशवी माझ्याकडे. मी मनात ठरवलं होतं की दर शंभर पावलांवर थांबायचं, तिला कळू द्यायचं नाही, समुद्र बघायच्या निमित्तानं थांबायचं. पहिल्या शंभर पावलांवर मी थांबलो, समुद्र बघितला. तोरुन थांबली नाही. दुसऱ्यांदा थांबलो तेव्हा ती वरच्या वळणावर उभी राहून म्हणाली, "काय बघतोयस एवढं?" तिसऱ्यांदा मला समुद्र दिसतच नव्हता, डोळ्यांत घाम होता. पंधरा महिने मी खुर्चीत बसून बाकासाठी पत्रं लिहिली होती, हे माझ्या पायांनी आत्ता कळवलं, लेखी सूचना न देता. तोरुन खाली परत आली, माझ्या खांद्यावरची पाठपिशवी तिनं काढून घेतली आणि पुढं निघाली. त्या वाटेवर मला मेंढ्यांनीही मागं टाकलं.

बाकावर पाच जण होते, बर्गन शहरातले. आम्हाला पाहून एक मुलगी चटकन उठली.

"बस ना," ती म्हणाली. "ये, जागा आहे."

मला भरून आलं. अजून जगात चांगली माणसं आहेत. मी बाजूला सरून तोरुनला म्हणालो, "बस तू."

मुलगी गोंधळली. ती माझ्याकडे बघत होती. पाचही जण माझ्याकडेच बघत होते, काळजीनं. एकानं पाण्याची बाटली पुढं केली.

"मी ठीक आहे," मी म्हणालो. म्हणजे तसं म्हणायचा प्रयत्न केला. त्यातला 'ठीक' तेवढा बाहेर आला. "हा बाक... हिच्या... खुब्यासाठी..."

"मला नको," तोरुन म्हणाली. "मी दमलेली नाही. तू बस. मी वर जाऊन येते."

आणि ती गेली.

मी बसलो. बाक बसल्यापासून पहिल्यांदाच. लार्च पाठीला चांगलं लागतं, हे मला मान्य करावंच लागलं. बर्गनच्या लोकांनी सरकून घेतलं आणि मला बिस्किट दिलं. मी त्यांना कायदा, शंभर मीटर, अध्यक्षांचा बूट हे सगळं सांगणार होतो. खरंतर तोंड उघडलंही होतं. पण तांबडं जाकीट वरच्या खडकांमधून दिसायचं, नाहीसं व्हायचं, पुन्हा जरा वर दिसायचं, आणि मला मान वळवून तिकडेच बघावं लागत होतं. एका जागी ते बराच वेळ दिसलं नाही. मी अर्धा उठलो. मग ते माथ्यावर, आकाशासमोर, सरळ उभं दिसलं. तिनं हात वगैरे हलवला नाही. नुसती चहूकडे वळून वळून बघत होती, घर कुणी हलवलं तर नाही ना हे पाहावं तशी.

"तुझी बायको?" मुलीनं विचारलं.

"हो," मी म्हणालो. एवढा एकच शब्द, पण तो अख्खा बाहेर आला.

अर्ध्या तासानं ती खाली आली. ओठ ब्लूबेरीनं निळे झाले होते आणि काठ्या तिनं काखेत धरल्या होत्या.

"वर कुणीच नाही," ती म्हणाली. "सगळे इथंच बसतात वाटतं."

"पिशवी कुठंय?"

"वर. कॉफी आहे त्यात, आणि तुझा पाव." तिनं माझ्यापुढं एक काठी धरली. "ऊठ. दम गेला असेल तर चल."

मी उठलो. माझी जागा लगेच भरली.